स्पोर्ट एटीव्हीच्या पुढच्या शॉकचे समायोजन

इंदूरकर: नमस्कार. महूच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर मी स्पोर्ट एटीव्ही (हँडलने चालणारी उघडी चारचाकी) चालवतो. लहान खड्ड्यांच्या ओळीवरून वेगाने गेल्यास पुढचा भाग हळूहळू खाली बसत जातो आणि धक्के थेट हातात येतात. स्प्रिंग आवळावी, की शॉक (धक्के शोषणारे भाग) उघडून घ्यावेत?

माळवी गॅरेज: तूर्त दोन्ही नको. आपण सांगता ते लक्षण बहुधा मंद रिबाउंडचे, म्हणजे दबलेला शॉक हळू परतण्याचे, आहे. पहिल्या खड्ड्यातून शॉक मूळ लांबीवर येण्याआधीच दुसरा येतो, आणि चाल (शॉकला दबायला उरलेले अंतर) प्रत्येक वेळी कमी होत जाते. रिबाउंडचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आवळत क्लिक (फिरवताना जाणवणारे टप्पे) मोजावेत, आकडा लिहून ठेवावा, मग मूळ जागेपेक्षा दोन क्लिक सैल करून त्याच वाटेवर पाहावे. दोन्ही बाजू सारख्या असाव्यात, हे वेगळे सांगायला नकोच.

चारचाक: त्याआधी सॅग, म्हणजे वजनाने शॉक किती दबतो ते, मोजलेला बरा. चालक बसल्यावर शॉक एकूण चालीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश दबावा. चाल २३० मिलिमीटर असेल तर सुमारे ६० ते ७५. प्रीलोड (स्प्रिंगचा सुरुवातीचा ताण) बदलल्यास टो-इनही (पुढची चाके समोरून आत किती वळलेली आहेत ते) तपासावे.

माळवी गॅरेज: सहमत. शिवाय आपल्याकडची काळी माती शॉकच्या दांड्यावर वाळली की सील (तेल अडवणारी कडी) कुरतडते, म्हणून ती ओल्या फडक्याने पुसावी, प्रेशरचा फवारा सीलवर मारू नये. दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला तर मात्र सर्व्हिसिंग टाळू नये. नायट्रोजन भरलेला शॉक दाब न सोडता उघडणे धोक्याचे असते. ते काम जाणकाराकडेच द्यावे.

इंदूरकर: दांडा कोरडा आहे. रविवारी रिबाउंडपासून सुरुवात करतो.