"पोटऱ्या कमवा, फिन्स बदलू नका" : याला माझा साफ विरोध

सागरवेडी

स्कूबा डाइव्हिंगच्या फिन्सबद्दल, म्हणजे पाण्याखाली पोहताना पायात घालायच्या पात्यांबद्दल, 'खोलपाणी' यांनी इथे परवा लिहिलं होतं, "फिन्स घ्यायच्या तर काळ्या रबराच्या, जड आणि कडक. बाकी सगळी खेळणी. पोटऱ्या दुखत असतील तर पोटऱ्या कमवा, फिन्स बदलू नका." त्याखाली सहमतीची रांग लागली आणि नुकताच कोर्स केलेल्या एका मुलीने लगेच विचारलं, "कुठे मिळतील?" तिने पैसे घालवायच्या आत हे लिहायला बसले.

चार वर्षांपूर्वी, वयाच्या ४८व्या वर्षी, मी हाच सल्ला ऐकला होता. अंदमानात हॅवलॉकला कोर्स केला आणि पुढच्या खेपेला स्वतःच्या कडक रबरी फिन्स घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पाण्याला ओढ होती. १८ मीटरवर दहा मिनिटं पाय मारल्यावर उजव्या पोटरीत असा गोळा आला की पाय सरळच होईना. गाईडने फिनचं टोक धरून माझ्याकडे दाबलं, पोटरी ताणली, तेव्हा सुटला. २२ मिनिटांत डाइव्ह संपली, टाकीत हवेचा दाब ६० बार उरला होता. पुढच्या वर्षी मध्यम लवचीक पात्याच्या, हलक्या फिन्स घालून त्याच जागी, तेवढ्याच खोलीवर ४६ मिनिटं राहिले.

कडक पातं एका लाथेत जास्त पाणी ढकलतं, हे मलाही मान्य आहे. पण ते पाणी ढकलणारा जोर कोणाचा? ज्याची मांडी आणि कंबर तो जोर देऊ शकते त्याला ते पातं शोभतं. नाहीतर गुडघा वाकतो, सायकल मारल्यासारखे पाय फिरतात, पोटरी ओढली जाते, धाप लागते आणि हवा संपते. आणि दुकानात हाताने पातं वाकवून पाहण्यात काही अर्थ नाही, हाताला मऊ लागलेलं पातं पाऊण तासाने पायाला लाकडासारखं लागतं.

वजनाचंही तेच. या फिन्सचं जड रबर पाण्यात बुडतं. आपल्याकडे २८ अंशांच्या पाण्यात तीन मिलिमीटर जाडीचा रबरी सूट, नाहीतर नुसता रॅशगार्ड, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा पातळ शर्ट. पायाला तरंग नसतोच. त्यावर जड फिन्स बांधल्या की पाय खाली, डोकं वर, अंग तिरकं. मग प्रत्येक लाथ पुढे नेण्याऐवजी वर ढकलते आणि खालची वाळू उडवते. शिवाय पोर्ट ब्लेअरच्या विमानात १५ किलो सामान चालतं, त्यातले अडीच-तीन किलो फिन्सनाच द्यायचे?

खोलपाणी

माझं वाक्य उचललंत, त्याच्या मागचं कारण सोडलंत. ज्या रबरी फिन्सबद्दल मी बोलतोय त्यांचा साचा १९६०च्या दशकातला आहे आणि आजही तो जवळजवळ तसाच विकला जातो. इतकी वर्षं गुहेत आणि बुडालेल्या जहाजांत शिरणारे लोक त्या घालतात, ते सगळे चुकले का? रुंद, आखूड, कडक पात्याने फ्रॉग किक, म्हणजे बेडकासारखी लाथ, बसते, जागच्या जागी वळता येतं, मागे सरकता येतं. तुमच्या लवचीक फिन्स घालून मागे सरकून दाखवा. आणि ते दुभंगलेल्या पात्याचे प्रकार तर मी फिन्स धरतच नाही. सरळ जायला ठीक, बाकी सगळ्याला निरुपयोगी.

तुमची २२ मिनिटं फिन्समुळे झाली नाहीत. प्रवाहाविरुद्ध दहा मिनिटं पाय मारायला कोणी सांगितलं? तळाशी सरकायचं, खडकाआड जायचं, नाही जमलं तर डाइव्ह सोडायची. तंत्र नसेल तर कुठलीही फिन वाईटच.

वजनाचं म्हणाल तर आपल्याकडे सगळीकडे ॲल्युमिनियमची टाकी असते. ती रिकामी होत आली की तरंगायला बघते आणि पाठीमागचा भाग वर उचलते. तेव्हा पायाशी थोडं वजन असलेलं बरं असतं. माझी जोडी बारा वर्षं चालली आहे. या काळात मित्रांच्या प्लॅस्टिकच्या फिन्सची किती बकलं तुटलेली पाहिली ते सांगत बसत नाही.

मस्कतकर

दोघेही आपापल्या पाण्याबद्दल बोलताय. मी १४ वर्षं ओमानात आहे, मस्कतजवळच्या दैमानियत बेटांवर डाइव्ह करतो. जानेवारीत पाणी २३ अंशांवर येतं, पाच मिलिमीटरचा सूट आणि फिनच्या आत घालायची जाड रबरी बूटी लागतात. त्यांच्या निओप्रीनमुळे, म्हणजे फेसाळ रबरामुळे, पाय फुग्यासारखे वर जातात. त्या वेळी जड रबरी फिन्सनी माझं अंग आडवं केलं, हे खरं. त्याच फिन्स घेऊन डिसेंबरात हॅवलॉकला आलो तर पाय सतत खाली, अख्खा आठवडा पाठ दुखली. माणूस तोच, फिन्स त्याच.

पण तुम्ही दोघांनी आरामाचा विषय बाजूला टाकला आणि माझ्या मते तोच पहिला आहे. आपले पाय पुढून रुंद. मी अनवाणी पायाच्या मापाने फिन्स मागवल्या, बूटी घातल्यावर पाय आत शिरेना. एक माप मोठं घेतलं तर टाच हलायला लागली, तिसऱ्या दिवशी घोट्यावर फोड. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. तेव्हापासून स्वतःची बूटी पिशवीत घालून दुकानात जातो, फिन चढवून खुर्चीवर बसतो, पाय उचलून हलवतो. बोटं मुडपत नाहीत आणि टाच सुटत नाही, तरच घ्यायची. आणि रबरी पट्ट्याऐवजी स्प्रिंगचा पट्टा. ओल्या हातांनी बकल ओढत बसण्याचा त्रास संपतो.

निळा_प्रवाळ

तुम्ही पात्याच्या कडकपणावर भांडताय. मी दोन वर्षांपूर्वी मालवणला 'स्कूबा' केलं तेव्हा फिन्स दिल्याच नव्हत्या! सूट, वजनाचा पट्टा, तोंडात टाकीतली हवा देणारा रेग्युलेटर, आणि एक मुलगा मागून टाकी धरून फिरवत होता. पाय कुठे टेकायचे ते कोणी सांगितलं नाही. आमच्यातले दोघं सरळ खडकावर उभे राहिले, त्या खडकावर प्रवाळ होते. वर फोटोसाठी पाव कुस्करून मासे जमवले. महाराष्ट्रात बहुतेक माणसं पाण्याखाली पहिल्यांदा अशीच उतरतात. त्याबद्दल कोणी बोलायचं की नाही?

तांडेल_मालवण

बोला ना. पण आधी माझं ऐका. मी नऊ वर्षं हेच काम करतो.

सीझनला सकाळपासून माणसं येतात. त्यातल्या निम्म्यांना पोहता येत नाही, काहींनी समुद्र पहिल्यांदा बघितलेला असतो. त्यांना १५ मिनिटं पाण्याखाली न्यायचं आणि सुखरूप वर आणायचं. त्यांच्या पायात फिन्स घातल्या की घाबरल्यावर काय होतं माहीत आहे? फाडफाड लाथा. एकदा माझा मास्क उडाला, एकदा गिऱ्हाइकाच्या बायकोच्या तोंडातून रेग्युलेटर निघाला. फिन घातलेला न शिकलेला पाय प्रवाळ जास्त तोडतो. म्हणून देत नाही. कंजुषी म्हणून नाही.

माका एक सांगा, पुण्या-मुंबयचे लोक एका दिवसासाठी येतात, कमीत कमी पैशांत घासाघीस करतात आणि मग घरी जाऊन आम्हाला पर्यावरण शिकवतात, ह्यां खंयचा?

निळा_प्रवाळ

घासाघीस मी केली नव्हती. आणि फिन्स न देण्याचं कारण पटलं तरी खडकावर उभं करायचं कारण पटत नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, जेमतेम २९ चौरस किलोमीटर. त्यातला जो तुकडा उथळ आणि जरा नितळ, तिथेच रोज शेकडो पाय. प्रवाळाची वाढ वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर असते. तुमच्या एका गिऱ्हाइकाची टाच दहा वर्षांची वाढ एका क्षणात मोडते. मी समुद्री जीवशास्त्र शिकतेय, हे माझ्यासाठी फावल्या वेळातलं पर्यावरण नाही.

तांडेल_मालवण

शिकताय तर हेही शिका. माझा बाप रापणीला जायचा, किनाऱ्यावरून जाळं ओढायला. थव्याला वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्यांच्या आणि दिव्यांनी मासा ओढणाऱ्या एलईडीवाल्या बोटी आल्या आणि किनाऱ्याजवळचा मासा गेला. एलईडीवर बंदी आहे, तरी रात्री दिवे दिसतात. ट्रॉलर तळ खरवडून नेतो तेव्हा प्रवाळ मोडत नाही? तेव्हा कोणी धागे काढले? मासेमारी सुटली म्हणून माझ्यासारखी पोरं टाकी पाठीवर घेऊन उतरली. आता तिथेही आम्हीच गुन्हेगार.

निळा_प्रवाळ

ट्रॉलर गुन्हेगार आहेत म्हणून टाच निर्दोष ठरत नाही.

तांडेल_मालवण

टाच निर्दोष नाही. ठीक आहे. गेल्या सीझनपासून मी माझ्या माणसांना वाळूच्या पट्ट्यातच उतरवतो आणि गुडघे पोटाशी घ्यायला सांगतो. पावही बंद केला, मासे गिऱ्हाइकाच्या बोटांना चावायला लागले होते. पण हे मी केलं ते तुम्ही सांगितलं म्हणून नाही.

खोलपाणी

धागा फिन्सचा होता. इथे ट्रॉलर, पाव आणि जिल्ह्याचं राजकारण आलं. अवांतरासाठी वेगळा धागा काढा.

सागरवेडी

मला ते अवांतर वाटत नाही. न शिकलेल्या पायात फिन नको, हे तांडेलदादा सांगतायत. मी तेच म्हणतेय, नवशिक्या पायात कडक फिन नको. दादा, एक विचारते. तुम्ही स्वतः काय घालता?

तांडेल_मालवण

ताई, मी फुल-फूट घालतो, म्हणजे टाचेसकट पाय झाकणाऱ्या, बिनपट्ट्याच्या. मऊ, लांबट, बूटी नाही. दिवसाला दहा-बारा वेळा पाण्यात जातो, प्रत्येक वेळी शिडीशी फिन्स काढायच्या, वर फेकायच्या, पुन्हा घालायच्या. पट्टा-बकल करत बसायला वेळ नसतो. खोली पाच ते आठ मीटर. एका हातात गिऱ्हाइकाची टाकी, वरून लाटेचा हेलकावा, त्यात एका जागी टिकायचं. तिथे मोठी लाथ नको असते, हळूहळू सतत हलता येणारी फिन लागते. एकदा एका पुण्याच्या साहेबांनी त्यांच्या काळ्या रबरी फिन्स मला वापरायला दिल्या होत्या. चौथ्या फेरीला मांड्या भरून आल्या आणि संध्याकाळी स्कूटरला किक मारवेना. पोटऱ्या कमवायच्या म्हणाल तर माझ्या बघायला या.

पण एक खरं आहे. निवतीच्या खडकांकडे जातो, तिकडे पाणी ओढतं. तिकडे माझ्या मऊ फिन्स नुसत्या फडफडतात, माणूस पुढे जात नाही. तिकडे मी भावाच्या कडक फिन्स नेतो.

खोलपाणी

तांडेल नऊ वर्षं रोज पाण्यात आहेत, त्यांच्या पोटऱ्यांवर मी बोलणार नाही. "पोटऱ्या कमवा" हे वाक्य मी सरसकट लिहायला नको होतं, तेवढं मागे घेतो. निवतीबद्दल ते काय म्हणाले तेही मात्र वाचा. पाणी ओढायला लागलं की शेवटी कडक पातंच काढावं लागतं.

आणि सागरवेडी, तुमच्या दुसऱ्या खेपेच्या ४६ मिनिटांतली किती फिन्सची आणि किती एका वर्षाच्या सरावाची, हे तुम्ही सांगितलं नाही.

सागरवेडी

प्रश्न रास्त आहे. मधल्या वर्षात १९ डाइव्ह झाल्या होत्या, श्वासही शांत झाला होता. सगळं श्रेय फिन्सना देता येणार नाही. पण गोळा पुन्हा एकदाही आला नाही, आणि पहिल्या वर्षी त्या गोळ्याने मी डाइव्हिंग सोडायच्या बेतात होते. ज्या मुलीने "कुठे मिळतील" विचारलं तिच्या बाबतीत मला त्याचीच भीती वाटते. तिने आधी भाड्याने तीन-चार प्रकार घालून बघावेत, प्रत्येकात किमान दोन डाइव्ह, त्यातली एक तरी थोड्या ओढीच्या पाण्यात. मग विकत घ्याव्यात.

फ्रॉग किक मला धड येत नाही, हेही मान्य करते. मागे सरकणं तर अजिबात नाही.

खोलपाणी

पाऊस संपला की मी मालवणला येतोय. माझी जोडी आणतो, माप एल. दोन डाइव्ह त्या घालून करा, फ्रॉग किक मी दाखवतो. नंतर तुमच्या फिन्सवर तीच किक करून बघू. त्यांच्यावर जमली तर इथे येऊन लिहीन.

सागरवेडी

माझं माप एम, तुमचं एल ढिलं होईल. जाड मोजे घालून बघते. पण येते.

मस्कतकर

जाड मोजे नकोत, पाण्यात सरकतात. पाच मिलिमीटरची बूटी घाला, एलमध्ये बसेल.

निळा_प्रवाळ

मीही येऊ का? तांडेलदादांचा वाळूचा पट्टा बघायचाय.

तांडेल_मालवण

या. पण ऑक्टोबरच्या सुरुवातीला नको, नदीचं पाणी उतरलेलं नसतं, हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. दिवाळीनंतर या. आणि सगळ्यांनी बूटी आणा, फिन्स कुठल्याही असोत. ओहोटीला होडी लांब थांबते, खडकांवरून चालावं लागतं आणि तिथली कालवं पाय कापतात.