डिस्क पूर्ण पुसल्यानंतर विंडोज बसवताना डिस्कच दिसत नाही

निवृत्त_शिक्षक (फैजपूर)

नमस्कार. माझ्याकडे चार वर्षांपूर्वी जळगावात घेतलेला लॅपटॉप आहे. त्यात इंटेलचा अकराव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी डिस्क असून विंडोज ११ घेतानाच आलेली होती. केळीच्या बागेचा हिशेब, निवृत्तीवेतनाची कागदपत्रे आणि शाळेत असताना टंकलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका एवढाच माझा त्यावरचा व्याप. गेल्या दिवाळीपासून मात्र तो इतका मंदावला की सुरू करून चहा ठेवावा, चहा पिऊन व्हावा, तरी पडद्यावर गोल फिरतच असे.

माझा भाचा पुण्यात अभियांत्रिकीला आहे. सुटीत आला तेव्हा त्याने माझ्या फायली बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवून घेतल्या, लिनक्स या विंडोजऐवजी चालणाऱ्या प्रणालीच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला आणि डिस्कवरचे सर्व विभाग काढून टाकले. त्यात विंडोज पूर्ववत करण्यासाठी कंपनीने दिलेला रिकव्हरीचा विभागही गेला. नवी विंडोज दुसऱ्या दिवशी टाकायची ठरले होते, परंतु रात्रीच त्याला परीक्षेचे वेळापत्रक बदलल्याचा निरोप आला आणि सकाळी तो पुण्याच्या गाडीत बसला.

मग मीच शेजाऱ्यांच्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने १६ जीबीचा पेनड्राइव्ह तयार केला. (दिवसाला दीड जीबी मिळणाऱ्या मोबाइल पॅकवर हे होत नाही, हे पहिल्या दिवशी कळले.) भाषा आणि कळफलक निवडेपर्यंत सर्व सुरळीत होते, परंतु विंडोज कोठे बसवायची हे विचारणाऱ्या पडद्यावर डिस्कची यादी रिकामीच येते आणि ड्रायव्हर (यंत्राच्या भागाशी विंडोजची ओळख करून देणारा प्रोग्राम) लोड करा अशी सूचना दिसते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये, मात्र डिस्कचे नाव व्यवस्थित दिसते.

येथील एका दुरुस्तीवाल्याला दाखवले असता तो म्हणाला की डिस्क उडाली आहे, नवी घ्यावी लागेल. शिवाय जुन्या डिस्कबरोबर विंडोजचा परवानाही गेला, तेव्हा एक तर तो नव्याने विकत घ्या किंवा "आपल्याकडची" टाकून देतो. आपल्याकडची म्हणजे कोणती, असे विचारल्यावर तो नुसता हसला. डिस्क खरोखर गेली आहे का आणि परवान्याबद्दल तो म्हणतो ते खरे आहे का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

तापीकाठ (भुसावळ)

सर, आपल्या प्रश्नातच उत्तराचा निम्मा भाग आहे. ज्या लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून भाच्याने विभाग काढले, त्या लिनक्सला डिस्क दिसली होती, आणि बायोसला ती आजही दिसते. ती जिवंत असण्याचीच शक्यता फार मोठी आहे. खात्री करायची असेल तर तोच पेनड्राइव्ह पुन्हा लावून, काहीही न बसवता, डिस्कची क्षमता तेवढी पाहून घ्यावी. नवी डिस्क तूर्त घेऊ नये.

विंडोजला ती का दिसत नाही, ते सांगतो. इंटेलने अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपांमध्ये व्हीएमडी, म्हणजे व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस नावाची व्यवस्था चालू ठेवलेली असते. आपल्याला केळीच्या व्यवहारातले उदाहरण पटेल: डिस्क हा शेतकरी, विंडोज हा व्यापारी आणि व्हीएमडी हा मधला अडत्या. व्यापाऱ्याची त्या अडत्याशी ओळख नसेल तर काट्यावर माल येऊनही त्याच्या लेखी माल नाहीच. ही ओळख करून देणारा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात असतो, आपल्या पेनड्राइव्हवरच्या विंडोजमध्ये तो नसावा. लॅपटॉप विकत घेतला तेव्हा कंपनीने तो आधीच घालून दिलेला होता, म्हणून चार वर्षे आपल्याला त्याचा पत्ताही लागला नाही.

आता करायचे ते असे. शेजाऱ्यांच्या संगणकावर आपल्या लॅपटॉपच्या कंपनीचे संकेतस्थळ उघडून, लॅपटॉपच्या पाठीवरील अनुक्रमांक टाकून, त्याच मॉडेलच्या पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा (आरएसटी) ड्रायव्हर उतरवून घ्यावा. सर्वांत नवी आवृत्ती इतर कोठून शोधण्याच्या फंदात पडू नये, कारण नवी आवृत्ती अकराव्या पिढीला चालेलच असे नाही. पुढचा टप्पा असा आहे की जेथे बहुतेक जण अडकतात. उतरलेली फाइल ही पुष्कळदा एकच मोठी इन्स्टॉलर फाइल असते, आणि ती तशीच पेनड्राइव्हवर टाकली तर विंडोज बसवण्याच्या पडद्याला तिचा काही उपयोग नसतो, त्याला आतल्या सुट्या, 'आयएनएफ' प्रकारच्या फायली हव्या असतात. काही कंपन्या त्या झिप स्वरूपात देतात, तेव्हा नुसते उलगडले की झाले. इंटेलची 'सेटअप आरएसटी' नावाची फाइल असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टंकण्याच्या काळ्या खिडकीत) त्या फाइलचे नाव, मग एक जागा सोडून उणे चिन्ह व त्याला चिकटून एक्स्ट्रॅक्ट ड्रायव्हर्स हे दोन शब्द इंग्रजीत सलग, आणि शेवटी पुन्हा जागा सोडून फोल्डरचे नाव टंकावे, म्हणजे सुट्या फायली त्या फोल्डरमध्ये पडतात. त्यात व्हीएमडी नावाचे उपफोल्डर दिसेल. तेच विंडोजच्या पेनड्राइव्हवर एका कोपऱ्यात ठेवावे.

मग रिकाम्या यादीच्या पडद्यावर लोड ड्रायव्हर, ब्राउज, ते फोल्डर, आणि पुढे. डिस्क यादीत येईल. तेथे रिकामी जागा, म्हणजे अनअलोकेटेड स्पेस, निवडून थेट पुढे जावे. स्वतः विभाग पाडू नयेत. विंडोजला सुरू होण्यासाठी लागणारा १०० एमबीचा ईएफआय विभाग, १६ एमबीचा राखीव विभाग आणि रिकव्हरीचा विभाग ती आपले आपण करून घेते.

धुळेकर (धुळे)

वरील उत्तर योग्य आहे. त्याला एक पर्याय असा की बायोसमध्ये व्हीएमडी बंदच करून टाकावे, म्हणजे ड्रायव्हर शोधण्याची यातायात उरत नाही. घरगुती लॅपटॉपमध्ये एकच डिस्क असते, रेड (अनेक डिस्क एकत्र जोडणे) वगैरे करायचे नसते, त्यामुळे बंद केल्याने काही बिघडत नाही. मात्र काही कंपन्यांच्या बायोसमध्ये हा पर्याय दिसतच नाही. आणि ज्यांची विंडोज चालू स्थितीत आहे अशा वाचकांनी हे वाचून लगेच व्हीएमडी बंद करायला जाऊ नये, कारण मग निळा पडदा येऊन डिस्क सापडत नसल्याचा संदेश मिळेल. सरांची डिस्क कोरी असल्यामुळे त्यांना ही भीती नाही.

परवान्याबद्दल दुरुस्तीवाला जे म्हणाला ते चूक आहे. विंडोज ७ च्या काळात लॅपटॉपच्या पोटाला पंचवीस अक्षरांची किल्ली छापलेला कागद चिकटवलेला असे, आणि तो घासून पुसट झाला की खरेच पंचाईत होई. विंडोज ८ पासून कंपन्या ही किल्ली मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्ये, म्हणजे मुख्य पाटीवरच्या कायमच्या चिपमध्ये, लिहून देतात. डिस्क पुसा, बदला किंवा हातोड्याने फोडा, किल्ली जागच्या जागी राहते. विंडोज बसवताना ती आपोआप वाचली जाते आणि इंटरनेट जोडले की सक्रियता मिळते. अट एवढीच की आवृत्ती तीच हवी. आपल्याकडे मिळणाऱ्या पुष्कळ लॅपटॉपांवर होम सिंगल लँग्वेज ही आवृत्ती असते. कोणाच्या सांगण्यावरून तेथे प्रो ही दुसरी आवृत्ती बसवली तर त्या किल्लीने ती सक्रिय होणार नाही, आणि मग दोष परवान्यालाच दिला जातो. सिंगल लँग्वेज म्हणजे मराठी टंकता येणार नाही असा गैरसमजही ऐकला आहे. त्यात मेनूंची भाषा बदलता येत नाही एवढेच, मराठी कळफलक हवा तसा जोडता येतो.

"आपल्याकडची" म्हणजे चोरीची. ती सक्रिय ठेवण्यासाठी जो अ‍ॅक्टिव्हेटर घातला जातो, तो चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. निवृत्तीवेतनाची आणि बँकेची कामे ज्या यंत्रावर होतात त्यावर असे काही घेण्याचे कारण नाही, विशेषतः खरा परवाना आधीच खिशात असताना. लॅपटॉपबरोबर ऑफिस मिळाले असेल तर तेही ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा सुरू केले त्या खात्याला जोडलेले असते, म्हणून ते खाते आणि त्याचा पासवर्ड शोधून ठेवावा. कोणी विंडोज १० हलकी म्हणून सुचवेल, तर तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

सातपुड्याकडून (शहादा)

मी अशा वेळी लिनक्स मिंटच टाकतो. डिस्क दिसतेच आहे, तर सरांनीही विचार करावा.

धुळेकर (धुळे)

हिशेबासाठी ते चालेल. परंतु भाचा पुण्यात आणि सर फैजपुरात, अडले तर विचारायचे कोणाला? शेजारी जे वापरतात तेच बरे, असे माझे मत आहे.

निवृत्त_शिक्षक (फैजपूर)

आपणा सर्वांचे आभार. बायोसमध्ये व्हीएमडीचा पर्याय मला सापडला नाही, म्हणून तापीकाठ यांनी सांगितलेल्या वाटेने गेलो. पहिल्या खेपेला मी नेमकी ती मोठी फाइलच पेनड्राइव्हवर टाकली होती, त्यामुळे फोल्डर उघडूनही काही दिसेना. दुसऱ्यांदा उत्तर नीट वाचले. व्हीएमडीचे फोल्डर निवडताच एका ओळीत इंटेलच्या कंट्रोलरचे नाव आले, पुढे जाताच मागच्या पडद्यावर "डिस्क शून्य, रिकामी जागा, ४७६.९ जीबी" अशी ओळ उमटली. दुपारचे दोन वाजले होते, वीज गेलेली होती आणि लॅपटॉप बॅटरीवर होता, तेव्हा मी वीज येईपर्यंत पुढचे बटण दाबले नाही.

५१२ चे ४७६ कसे झाले, हे मात्र समजले नाही. भाच्याने काही विभाग तसाच ठेवला असेल काय?

तापीकाठ (भुसावळ)

नाही सर, काहीही कमी झालेले नाही. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट असा हिशेब करतात, विंडोज १०२४ चा तीनदा गुणाकार करून एक जीबी मोजते. त्यामुळे ५१२ चे सुमारे ४७७ होतात. वीज येण्याची वाट पाहिलीत ते उत्तम केलेत.

नेटवर्कच्या पडद्यावर वाय-फाय दिसले नाही तर घाबरू नये. वाय-फायचा ड्रायव्हरही विंडोजकडे नसण्याची शक्यता असते. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या डेटा केबलने जोडून फोनमधील यूएसबी टेदरिंग चालू केले की त्याच इंटरनेटवर पुढचे टप्पे पार पडतात, आणि नंतर विंडोज अपडेट उरलेले ड्रायव्हर आणते. आणखी एक गोष्ट आजच करावी. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिस्कचे एन्क्रिप्शन, म्हणजे तिच्यावरील मजकूर कुलूपबंद करणे, आपोआप चालू होऊ शकते. त्याची ४८ अंकी रिकव्हरी किल्ली आपल्या खात्यात जमा होते, ती तेथून पाहून कागदावर उतरवून घरातल्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवावी. उद्या मदरबोर्ड किंवा बायोस बदलल्यावर तीच मागितली जाईल.

टंकलेखन_चोपडा (चोपडा)

सरांनी शाळेच्या काळातल्या प्रश्नपत्रिकांचा उल्लेख केला आहे, म्हणून लिहितो. त्या श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या असतील तर उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसेल. फाइल बिघडलेली नसते. युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत, येण्यापूर्वीचे हे फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवत असत, आणि फाँट स्वतः विंडोजच्या फाँट्स फोल्डरमध्ये राहत असल्यामुळे डिस्कबरोबर तो गेला. फायली उतरवून घेताना फाँट घ्यायचा राहतो, हे मी माझ्या गिऱ्हाइकांच्या बाबतीत वरचेवर पाहतो. आपल्याकडे मूळ सॉफ्टवेअर असेल तर ते पुन्हा बसवावे, एरवी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे. रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालावेत.

निवृत्त_शिक्षक (फैजपूर)

विंडोज बसली. वाय-फाय खरेच दिसत नव्हते, फोनच्या केबलवर काम झाले. सेटिंग्जमध्ये होम सिंगल लँग्वेज सक्रिय असल्याचे लिहून आले आहे आणि त्यासाठी एक रुपयाही लागला नाही. ४८ अंक दोनदा पडताळून वहीत लिहिले आहेत.

चोपड्याच्या सद्गृहस्थांचे म्हणणे मात्र तंतोतंत खरे ठरले. प्रश्नपत्रिकांबरोबर बागेचे २०११ पर्यंतचे हिशेबही त्याच फाँटमध्ये होते. मूळ सॉफ्टवेअरची सीडी माळ्यावर सापडली, पण लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही, म्हणून कन्व्हर्टर वापरला. बाकी मजकूर चांगला उतरला. रफार तेवढा एक घर पुढे सरकला असून प्रत्येक पानावर "खर्च"च्या जागी "खचर्" आले आहे. शोधा आणि बदला वापरून आज सकाळपासून तेच दुरुस्त करीत बसलो आहे.