जाळी नव्हे, भिंतीची अट बघा
वातावरणात परतणाऱ्या यानाभोवतीचा प्रवाह संगणकावर सोडवताना जाळी (हवेच्या जागेचे पाडलेले छोटे तुकडे) बारीक केली की भिंतीवरच्या, म्हणजे यानाच्या पृष्ठभागावरच्या, उष्णतेचा आकडा आपोआप जुळतो, असं वर कुणी म्हटलंय. ते अर्धंच पटलं. भिंतीलगत जाळी बारीक हवीच. पण यानापुढे हवा दाबली जाऊन तयार होणाऱ्या धक्कालहरीमागे साधारण २५०० केल्विनला ऑक्सिजनचे रेणू फुटू लागतात. हे सुटे अणू पृष्ठभागावर पुन्हा जुळले, तर ऑक्सिजनच्या दर मोलमागे ४९८ किलोज्यूल सुटतात. ते कितपत जुळणार, हे पृष्ठभागाचं रसायन ठरवतं.

१९८१ मध्ये कोलंबिया यानाच्या दुसऱ्या उड्डाणात काही उष्णतारोधक टाइल्सना मुद्दाम उत्प्रेरक (अणू जुळायला मदत करणारा) लेप दिला होता. त्या शेजारच्या टाइल्सपेक्षा जास्त तापल्या. मीही दोन आठवडे जाळीशीच झटापट करत बसलो होतो. शेवटी फक्त भिंतीची अट 'पूर्ण उत्प्रेरक' (सगळे अणू जुळतात) ऐवजी 'अनुत्प्रेरक' (एकही जुळत नाही) केली, तर उष्णतेचा आकडा जवळपास निम्म्यावर!