मेमरी मॉड्यूल बदलले तरी फॉल्टची नोंद जात नाही: रिपेअर्ड, रिप्लेस्ड की ॲक्विट?

प्रश्न

आमच्या विभागातील एका एक्स८६ सर्व्हरवर सोलॅरिस ११ ही ऑपरेटिंग सिस्टीम चालते. त्यावरील फॉल्ट मॅनेजरने, म्हणजे हार्डवेअरचे दोष शोधून नोंदवणाऱ्या सेवेने, काही दिवसांपूर्वी एक मेमरी मॉड्यूल दोषी ठरवले. कन्सोलवर आलेल्या संदेशात संदेशक्रमांक, यूयूआयडी (त्या प्रकरणाचा स्वतंत्र ओळखक्रमांक), परिणाम आणि करावयाची कृती हे सगळे व्यवस्थित दिलेले होते. त्याप्रमाणे आम्ही नियोजित वेळी मशीन बंद करून ते मॉड्यूल बदलले. मशीन विनातक्रार चालू झाले, मेमरी पूर्ण दिसते आहे, नवीन त्रुटीही आलेली नाही. तरीसुद्धा ‘एफएमॲडम फॉल्टी’ ही कमांड दिली की जुनीच नोंद समोर येते, आणि त्या मॉड्यूलच्या जागेपुढे ‘फॉल्टेड’ असेच लिहिलेले असते.

याच मशीनवर दुसरीही एक नोंद पडून आहे. ती एका पीसीआय एक्स्प्रेस नेटवर्क कार्डाची असून तिच्यात दोन संशयित दाखवले आहेत: एक ते कार्ड आणि दुसरा मदरबोर्ड. दोघांपुढे टक्केवारी दिली आहे. ते कार्ड काढून, संपर्कपट्टी स्वच्छ करून, पुन्हा नीट बसवल्यावर त्रास थांबला. मदरबोर्डाला कोणीही हात लावलेला नाही.

मॅन्युअलमध्ये रिपेअर्ड, रिप्लेस्ड आणि ॲक्विट अशा तीन उपकमांड दिल्या आहेत. तिन्हींनी नोंद जाते असे दिसते. मग त्यांत फरक तो काय, आणि या दोन प्रकरणांत कोणती वापरावी? एका सहकाऱ्याचे म्हणणे असे, की फॉल्ट मॅनेजरची सेवा थांबवून तिच्या डिरेक्टरीतील फायली पुसाव्यात आणि मशीन पुन्हा सुरू करावे, म्हणजे पाटी कोरी होईल. हा मार्ग मला पटत नाही, पण तो का टाळावा हे मला त्यांना नेमके सांगता आले पाहिजे.

उत्तर १

नोंद आपोआप का गेली नाही, तेथून सुरुवात करू. फॉल्ट मॅनेजर प्रत्येक भागाची ओळख शक्य तेथे अनुक्रमांकासह ठेवतो. ज्या यंत्रांवर मॉड्यूलचा अनुक्रमांक त्याला वाचता येतो, तेथे मशीन सुरू होताना जुना भाग जाऊन नवा आला हे त्याला स्वतःच कळते आणि तो ती नोंद मिटवतो. ज्या यंत्रांवर हा क्रमांक मिळत नाही, तेथे त्याच्या दृष्टीने त्या खाचेत कालही एक मॉड्यूल होते आणि आजही एक मॉड्यूल आहे. मधे काय घडले हे कळण्याचा त्याला मार्ग नाही. ते आपणच सांगावे लागते. आपल्या यंत्रावर काय स्थिती आहे हे भागांची यादी दाखवणारी ‘एफएमटोपो’ चालवून पाहा. ही कमांड नेहमीच्या पाथमध्ये नसते, ती फॉल्ट मॅनेजरच्या स्वतःच्या लायब्ररी डिरेक्टरीत असते. तिच्या यादीत मेमरी मॉड्यूलपुढे अनुक्रमांक रिकामा असेल, तर आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तेच आहे.

तीन उपकमांड म्हणजे प्रत्यक्षात काय घडले याविषयीची तीन वेगवेगळी विधाने आहेत, आणि जे खरे असेल तेच विधान करायचे असते. भाग काढून त्या जागी दुसरा बसवला असेल तर ‘रिप्लेस्ड’. भाग तोच आहे, पण त्यावर प्रत्यक्ष दुरुस्ती झाली, म्हणजे कार्ड पुन्हा नीट बसवले किंवा वाकलेली पिन सरळ केली, तर ‘रिपेअर्ड’. आणि त्या भागाचा दोष मुळात नव्हताच असा निष्कर्ष निघाला असेल तर ‘ॲक्विट’. ॲक्विटचा उपयोग बहुधा एकाहून अधिक संशयित असलेल्या यादीतच होतो. एकच संशयित असलेल्या प्रकरणात तो सरसकट वापरणे म्हणजे निदानच चुकीचे होते असे म्हणणे होय, आणि तसे म्हणायला हाती पुरावा असावा लागतो.

या तिघांमध्ये अग्रक्रमही आहे. रिप्लेस्ड सर्वांत वरचढ, त्याखाली रिपेअर्ड, आणि शेवटी ॲक्विट. म्हणून एखादा भाग आधी ॲक्विट करून नंतर रिपेअर्ड म्हणता येतो. परंतु एकदा रिपेअर्ड म्हटलेल्या भागाला नंतर ॲक्विट करता येत नाही.

आपल्या प्रकरणांत मेमरीसाठी ‘रिप्लेस्ड’ आणि पुढे ‘एफएमॲडम फॉल्टी’च्या उत्तरात दिसणारे त्या खाचेचे लेबल, एवढे पुरेसे आहे. नेटवर्क कार्डासाठी ‘रिपेअर्ड’ द्या. मदरबोर्डासाठी मात्र ‘ॲक्विट’ लागेल, आणि ते देताना यूयूआयडीही सोबत द्या, म्हणजे ते विधान त्या एकाच प्रकरणापुरते राहील. यादीतील प्रत्येक संशयित बदललेला, दुरुस्त झालेला, काढून टाकलेला किंवा निर्दोष ठरलेला असेल तेव्हाच प्रकरण मिटते. मदरबोर्ड तसाच सोडला, तर कार्डाविषयी काहीही सांगितले तरी ते प्रकरण उघडेच राहील. आपली दुसरी नोंद पडून आहे ती त्यामुळेच.

यादीतील टक्केवारीविषयी एक सांगावेसे वाटते. ती बिघाडाची तीव्रता नव्हे. मिळालेल्या पुराव्यावरून दोष या भागात असण्याची खात्री किती, एवढेच ती सांगते. कार्डापुढे मोठा आकडा असला म्हणून मदरबोर्ड ठीकच आहे असे त्यातून ठरत नाही. ते आपल्याला त्रुटींच्या लॉगमधून पाहावे लागते.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी फायली पुसण्याविषयी लिहितो, कारण हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो देणारे त्या फायलींत काय असते हे क्वचितच सांगतात.

सोलॅरिस १० बरोबर २००५ साली ही व्यवस्था आली, तेव्हापासून तिची मांडणी साधारण अशी आहे. कर्नल आणि ड्रायव्हर यांना काही चुकीचे दिसले की ते एक त्रुटी-अहवाल पाठवतात. हे अहवाल एका लॉगमध्ये साठतात. निदान करणारी सॉफ्टवेअर मॉड्यूल ते वाचतात आणि पुरेसा पुरावा जमला की दोषाचा निष्कर्ष दुसऱ्या लॉगमध्ये लिहितात. मग कृती करणारी मॉड्यूल त्या निष्कर्षावरून मेमरीचे पान, म्हणजे तिचा एक छोटा तुकडा, बाजूला काढतात, प्रोसेसर ऑफलाइन करतात किंवा राखीव डिस्क कामाला लावतात. तिसरी गोष्ट म्हणजे दोषी भागांची साठवलेली यादी. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर तीच यादी वाचून फॉल्ट मॅनेजर दोषी पाने आणि दोषी प्रोसेसर पुन्हा वापराबाहेर ठेवतो. चौथी गोष्ट म्हणजे निदान मॉड्यूलची अर्धवट गणिते, ज्यांना चेकपॉइंट म्हणतात.

आता हे सगळे एकदम पुसले तर काय होते ते पाहा. ज्या मेमरी मॉड्यूलचा काही भाग खरोखर खराब आहे आणि ज्याची पाने बाजूला काढलेली होती, ती पाने पुन्हा वापरात येतात. ईसीसी मेमरी एका बिटची चूक दुरुस्त करते आणि दोन बिटांची केवळ ओळखते. त्यामुळे आज दुरुस्त होणारी चूक उद्या दुरुस्त न होणारी ठरली, तर तेव्हा ते पान एखाद्या चालू प्रोग्रामच्या हातात असेल. शिवाय गणिते पुसली गेल्याने फॉल्ट मॅनेजरला तोच पुरावा पुन्हा पहिल्यापासून जमवावा लागतो. दुरुस्त होणाऱ्या त्रुटींच्या बाबतीत एखादी चूक आली म्हणून तो भाग दोषी ठरवत नाही. ठरावीक काळात ठरावीक संख्येने चुका आल्या तरच ठरवतो. झेडएफएस या सोलॅरिसच्या फाईल सिस्टीमच्या मूळ मांडणीत, उदाहरणार्थ, एखाद्या डिस्कवर १० मिनिटांत १० चेकसम त्रुटी (वाचलेला डेटा तपासणी-बेरजेशी न जुळणे) ही मर्यादा होती. मोजणी शून्यावर आणली की इशारा तेवढा उशिरा येतो.

फायली पुसण्याचा उपाय एका परिस्थितीत समर्थनीय आहे: भाग बदलला आहे, तिन्ही उपकमांड नाकारल्या जात आहेत, आणि साठवलेली यादीच बिघडली आहे हे स्पष्ट झाले आहे. तेव्हाही दोन्ही लॉगची प्रत आधी दुसरीकडे ठेवावी. लॉग फार मोठे झाले एवढीच अडचण असेल तर जुना लॉग बाजूला ठेवून नवा सुरू करणारी ‘एफएमॲडम रोटेट’ आहे. पुसण्याचे काहीच कारण नाही.

मदरबोर्डाला निर्दोष ठरवण्यापूर्वी लॉग दाखवणाऱ्या ‘एफएमडंप’ला ई आणि कॅपिटल व्ही हे दोन्ही पर्याय एकत्र देऊन त्या काळातील त्रुटी-अहवाल संपूर्ण वाचून काढा. प्रत्येक अहवालात तो कोणत्या उपकरणाच्या मार्गावरून आला हे दिलेले असते. सगळे अहवाल त्या एका कार्डाच्या मार्गावरचे असतील, तर आपला निष्कर्ष टिकतो. त्याच वरच्या पोर्टखालील दुसऱ्या कार्डाचेही अहवाल मधे दिसले, तर मदरबोर्डाला इतक्यात सोडू नका. मेमरीच्या अहवालांतही अशीच खूण मिळते. पत्ता आणि सिंड्रोम (कोणता बिट चुकला हे सांगणारा ईसीसीचा आकडा) वारंवार तेच असतील तर एखादीच पेशी गेलेली असते. पत्ते सर्वत्र विखुरलेले असतील तर संपूर्ण चिप, खाचेतील संपर्क किंवा मेमरी कंट्रोलर यांकडे पाहावे लागते, आणि तसे असेल तर मॉड्यूल बदलूनही त्रुटी परत येतात.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. एफएमटोपोमध्ये मेमरी मॉड्यूलपुढे अनुक्रमांक खरोखरच नाही. दोन शंका राहिल्या आहेत. अनुक्रमांक वाचता येणाऱ्या यंत्रावर कोणी भाग न बदलताच ‘रिप्लेस्ड’ म्हटले तर काय होते? आणि भाग नुसताच काढून ठेवला, दुसरा बसवलाच नाही, तर नोंदीचे काय होते?

उत्तर १

भाग तोच आहे याची खात्री फॉल्ट मॅनेजरला स्वतःला करता येत असेल, तर तो ते विधान स्वीकारत नाही. नुसता काढून ठेवलेला भाग यादीत ‘नॉट प्रेझेंट’ असा दिसत राहतो. तो कायमचा गेला असे लगेच मानले जात नाही. नोंद ३० दिवसांची झाली की मग ती काढून टाकली जाते. हे योग्यच आहे, कारण तपासासाठी काढलेला भाग पुष्कळदा परत त्याच जागी बसवला जातो आणि तेव्हा त्याचा इतिहास हाताशी असावा लागतो.

उत्तर ३

डिस्कविषयी कोणी लिहिले नाही म्हणून भर घालतो. झेडएफएसने दोषी ठरवलेल्या डिस्कची नोंद पाहून थेट एफएमॲडमकडे वळू नये. आधी ‘झेडपूल स्टेटस’ पाहावे, डिस्क बदलायची असेल तर ‘झेडपूल रिप्लेस’ करावे, आणि केबल किंवा कंट्रोलरचा प्रश्न होता व तो सुटला असेल तर ‘झेडपूल क्लिअर’ करावे. रिसिल्व्हरिंग, म्हणजे डिस्कवर डेटा पुन्हा भरणे, पूर्ण झाले की फॉल्टची नोंद सहसा आपोआप मिटते. उलट क्रमाने केले, तर नोंद गेली पण पूल (झेडएफएसचा डिस्कसमूह) अजून डिग्रेडेड, म्हणजे सदोष, आहे अशी स्थिती येऊ शकते, आणि दैनंदिन तपासणीत केवळ फॉल्टची यादी पाहिली जात असेल तर ती कोणाच्या लक्षातही येणार नाही.

ज्या सर्व्हरांवर यंत्रावर देखरेख करणारा स्वतंत्र सर्व्हिस प्रोसेसर असतो, तेथे त्याचीही स्वतःची फॉल्ट यादी असते. सोलॅरिसमधील नोंद मिटली तरी समोरच्या पट्टीवरचा पिवळा दिवा लागलेलाच राहिला, तर आधी त्या प्रोसेसरच्या शेलमध्ये जाऊन तेथील यादी पाहावी.

आणखी एक. आपल्याकडे हा संदेश कन्सोलवर कोणी पाहिला म्हणून कळला, असे दिसते. सोलॅरिस ११ मध्ये ‘एसव्हीसीसीएफजी सेटनोटिफाय’ वापरून समस्येचे निदान झाले, त्यात बदल झाला, दुरुस्ती झाली आणि प्रकरण मिटले, या चारही टप्प्यांना ईमेल पाठवण्याची सोय आहे. निदान आणि दुरुस्ती या दोन टप्प्यांचे ईमेल तरी एखाद्या व्यक्तीच्या पत्त्यावर न पाठवता संपूर्ण गटाच्या पत्त्यावर पाठवावेत. यंत्र स्वतः पाने बाजूला काढून काम चालू ठेवते, त्यामुळे वापरणाऱ्यांकडून तक्रार येतच नाही, आणि ईमेल नसेल तर भाग मागवायला उशीर होतो.

प्रश्नकर्ता

त्रुटी-अहवाल वाचले. नेटवर्क कार्डाच्या प्रकरणातील सर्व अहवाल त्या एकाच कार्डाच्या मार्गावरचे आहेत आणि त्याच पोर्टखालील दुसऱ्या कार्डाचा त्यांत एकही नाही. म्हणून कार्डाला रिपेअर्ड आणि मदरबोर्डाला यूयूआयडीसह ॲक्विट म्हटले. मेमरीला रिप्लेस्ड म्हटले. ‘एफएमडंप’मध्ये आता दोन्ही प्रकरणांखाली एफएमडी-८०००-४एम हा दुरुस्तीचा आणि एफएमडी-८०००-६यू हा प्रकरण मिटल्याचा संदेश आलेला आहे, आणि ‘एफएमॲडम फॉल्टी’ काहीही दाखवत नाही. जुने मॉड्यूल परत पाठवण्यापूर्वी त्याचे अहवाल यूयूआयडीसह वेगळ्या फाईलीत काढून ठेवले आहेत. सेटनोटिफायची मांडणी उद्याच्या बदल-विनंतीत घातली आहे.