सोनी ए७ थ्री कॅमेरा देऊन ए७ फोर घ्यावा का?

प्रश्न: लातूर परिसरात लग्नांची छायाचित्रे काढतो. वेरूळच्या कैलास लेण्यात, सावलीतल्या शिल्पांवर माझ्या ए७ थ्रीचा फोकस वारंवार अडखळला. जुनी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) देऊन वर पैसे घालावेत का?

उत्तर १: लेन्स कोणती, हे आधी सांगावे. एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे; एफ ४ ऐवजी एफ १.८ वर सेन्सरला जवळपास पाचपट प्रकाश मिळतो. तेवढा फरक केवळ बॉडी बदलून पडणार नाही.

उत्तर २: व्हिडिओ करत असाल, तर मात्र अवश्य बदलावा. थ्री ८ बिट रंग नोंदवतो, फोर १० बिट, म्हणजे रंगांच्या जास्त बारीक पायऱ्या, त्यामुळे हळदीच्या पिवळ्या छटा रंगसंस्करणात (नंतर रंग सुधारताना) तुटत नाहीत. बॅटरी दोन्हींची एकच आहे, मात्र फोरच्या ३३ मेगापिक्सेलच्या फायली जागा खातात.

प्रश्नकर्ता: लेन्स एफ ४ चीच आहे, सर. व्हिडिओ करत नाही, तेव्हा आधी ८५ मिमी एफ १.८ लेन्स घेतो.