फौजी घरातली मे महिन्याची सुट्टी आणि आपल्या मुली: तुमचे अनुभव लिहा

कृष्णाकाठची

एप्रिलच्या शेवटी पोरींच्या परीक्षा संपल्या की आमच्या ब्लॉकमध्ये जिन्यात भेटेल ती बाई एकच विचारते, साहेबांची सुट्टी सँक्शन झाली का. आम्ही पुण्यात एसएफ क्वार्टरमध्ये राहतो, म्हणजे ज्यांचे मिस्टर फील्डला, म्हणजे फॅमिली नेता येत नाही अशा पोस्टिंगला आहेत त्यांच्या फॅमिलीला मिळतात ते. दोन मुली आहेत, मोठी आता पाचवीत गेली, धाकटी अजून बालवाडीत. जवानाला वर्षाला ६० दिवस ॲन्युअल आणि ३० दिवस कॅज्युअल लीव्ह असते, ऐकायला भरपूर वाटते पण येते ती तुकड्यातुकड्यात, आणि मे महिन्यात पलटणीतल्या प्रत्येकालाच घरी यायचं असतं, सगळ्यांना एकदम कसं सोडणार, त्यामुळे ज्याच्या घरी लग्न किंवा आजारपण त्याचा नंबर आधी. यात मला काही चुकीचं वाटत नाही.

मला बोलायचंय ते सुट्टी मिळाल्यानंतरचं. हे आले की थेट गावी. तिथे लग्नसराई, जत्रा, वाटणीचा कागद, विहिरीची मोटर, चुलत्यांचं भांडण, सगळं वर्षभर "तो सुट्टीला आला की बघू" म्हणून ठेवलेलं असतं. पोरींना बाप दिसतो तो गाडीला किक मारून बाहेर पडताना. सुट्टी संपते, ट्रंक भरली जाते, आणि धाकटीला बापाच्या अंगाचा वाससुद्धा ओळखीचा झालेला नसतो हो.

गेल्या वर्षी आम्ही दोघांनी ठरवलं की सुट्टीचे पहिले काही दिवस इथे क्वार्टरमध्येच राहायचं आणि काहीही खास करायचं नाही. मॉल नको, सिंहगड नको. यांनी पोरींना आंघोळ घालायची, दूध आणायचं, वह्यांना कव्हरं घालायची, मोठीचे पाढे घ्यायचे. धाकटी सुरुवातीला जवळच जायची नाही, मला म्हणाली, "हे पप्पा फोनमधले आहेत ना?" यांनी तिला ओढलं नाही की चॉकलेटचं आमिष दाखवलं नाही, रोज तिच्या शेजारी बसून भाजी निवडायचे फक्त. मग एका दुपारी आपणहून मांडीवर येऊन झोपली. त्यानंतर गावी गेलो तर तिथेही ती बापाचं बोट सोडेना.

मला मनापासून वाटतं की मुलींना बापाबरोबर सणासुदीचे दिवस मिळाले नाहीत तरी चालेल पण साधे, कंटाळवाणे दिवस मिळालेच पाहिजेत. तुमच्याकडे कसं करता ते सविस्तर लिहा.

अपशिंगेकर सूनबाई

ताई, तुमचं म्हणणं पटलं पण गावाची बाजू पण लिहिते. माझं सासर अपशिंगे मिलिटरी, साताऱ्याजवळ. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान गेले, त्यांची आठवण गावात जपलेली आहे. इथे जवळपास घरटी एक माणूस फौजेत. त्याचा पोरींना केवढा आधार आहे ते शहरात राहिल्यावर कळतं. शहरातल्या शाळेत माझ्या मुलीला कुणीतरी "तुझे बाबा तुमच्याजवळ राहत नाहीत का" असं विचारलं होतं आणि ती आठवडाभर गप्प होती. गावात असा प्रश्नच येत नाही, कारण शेजारच्या पोरीचा बापही राजस्थानात आणि समोरच्या पोरीचा काका लेहला.

आणि सासूसासऱ्यांचाही तो मुलगाच आहे ना. माझे सासरे रिटायर्ड हवालदार, उन्हाळ्यात सगळ्या नातींना पहाटे उठवून ओढ्यापर्यंत पळवत नेतात, आल्यावर ताकातली भाकरी, मग दुपारी सोप्यात आडवं होऊन सागरगोटे. कुरडया घालायच्या दिवशी चीक खायला सगळ्या पोरी ताटल्या घेऊन रांगेत. मालक सुट्टीला आले की मी एवढंच करते, ते शेतात जाऊ दे नाहीतर तालुक्याला, एक पोरगी बरोबर जाणारच. तहसील कचेरीच्या बाकावर बसून बापलेकीने उसाचा रस प्यायला तरी तिला तो दिवस वर्षभर पुरतो.

माजी सुभेदार

दोन्ही ताईंना नमस्कार. माझी नोकरी क्लार्क म्हणून झाली म्हणून कामाचं तेवढं सांगतो. सुट्टी कचेऱ्यांत जाते याचं मोठं कारण म्हणजे सगळे कागद जवानाच्या सहीवर अडलेले असतात. एकदा रीतसर कुलमुखत्यारपत्र बायकोच्या किंवा वडिलांच्या नावे करून ठेवा, निम्म्या चकरा वाचतात. मुलगी जन्मली की तिची नोंद पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे जवानाच्या घरच्या नोंदींच्या लष्करी कागदाला पडली का ते लगेच बघा, ती नोंद नसेल तर डिपेंडंट कार्ड, एमएच म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलमधले उपचार, शिक्षणाचा भत्ता सगळंच लटकतं. तो भत्ता जानेवारी २०२४ पासून मुलामागे महिन्याला २,८१२ रुपये ५० पैसे आहे, दोन मुलांपर्यंत, आणि शाळेचा दाखला जोडून वर्षातून एकदा क्लेम करायचा असतो, तो दाखला परीक्षा संपल्या संपल्या शाळेतून घेऊन पाठवून द्या, त्यासाठी माणूस घरी यायची वाट बघू नका. सुकन्या खातं दहा वर्षांच्या आतल्या मुलीचं आईसुद्धा उघडू शकते, वडीलच लागतात असं नाही.

हे सगळं घरच्या बाईने हातात घेतलं की जवान सुट्टीला येतो तो खरोखर सुट्टीला येतो. मी नोकरीत असताना कितीतरी पोरं सुट्टीवरून परत येऊन सांगायची की साहेब, मुलीशी धड बोलणंच झालं नाही.

दोन वेण्या

मी स्वतः सर्व्हिंग आहे त्यामुळे जास्त लिहीत नाही. मला मुलीचे केस विंचरता यायचे नाहीत. बायको म्हणाली शिका. बराकीत बसून दोरीवर शिकलो, शेजारच्या खाटेवरच्या गढवाली दोस्ताने शिकवलं, त्याला तीन मुली आहेत. सुट्टीत रोज सकाळी दोन वेण्या मीच घालतो आणि त्या वेळात ती जे बोलते ते फोनवर कधीच बोलत नाही. मैत्रिणींची भांडणं, कोण शेजारी बसतं, बाईंनी काय म्हटलं. फोनवर विचारलं तर फक्त "हो पप्पा, बरी आहे".

आणि एक विनंती, आपले फोटो युनिटच्या नावासकट कुठेही टाकू नका. २०२० मध्ये आर्मीने ८९ ॲप काढायला लावले त्यात फेसबुक, इन्स्टा दोन्ही होते. माझी बायको पोरीचे फोटो प्रिंट करून पोस्टाने पाठवते. तिकडे ते फोटो कितीदा बघून होतात काय सांगू.

नौदलवाली

आमचं थोडं वेगळं. मुंबईत नेव्हीनगरला घर आहे, म्हणजे नवऱ्याचं पोस्टिंग "घरचंच", पण जहाज समुद्रात गेलं की गेलं. मुलींना तारखा सांगायच्या नाहीत हे मी पहिल्यापासून पाळते. "शुक्रवारी येतील" म्हटलं आणि नाही आले तर लहान मुलं तो दिवस विसरत नाहीत. मी "काम झालं की येतील" एवढंच म्हणते. उन्हाळ्यात आसपासच्या चारपाच जणी मिळून मुलांना वाटून घेतो, एक पोहायला नेते, एक चित्रकला घेते, एकीकडे दुपारची झोप. एकटीने दोन महिने ओढायला जाऊ नका, कुणालाच जमत नाही ते.

शिरोळची

मला २०२५ च्या मे महिन्याबद्दलच लिहायचंय. मिस्टर नुकतेच सुट्टीवर आले होते, मुलींसाठी अंगणात झोपाळा बांधायचा म्हणून बाजारातून दोर आणलेला. ७ तारखेला सकाळी उठलो तर ऑपरेशन सिंदूरची बातमी, आणि मग फोन आलाच, सुट्टी रद्द, रिपोर्ट करा. उत्तरेकडची आणि पश्चिमेकडची मिळून ३२ विमानतळं बंद होती, मिळेल त्या रेल्वेने जायचं. दिराने आणि मी मिरजेला सोडलं. मोठी सात वर्षांची, तिला सगळं कळत होतं. यांनी तिला खोटं काही सांगितलं नाही, म्हणाले, "आत्ता तिकडे माणसं कमी पडतायत, मला जायला लागणार, पोचलो की कळवतो." मला ते फार बरोबर वाटलं. रात्री झोपेत असताना निघून जाणारे पण असतात, लेकरू सकाळी उठून घरभर शोधतं, ते करू नका अशी माझी हात जोडून विनंती आहे. रडू दे, पण निरोप घेऊ दे.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. १० तारखेला गोळीबार थांबल्याची बातमी आली तरी यांचा फोन येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरला नाही. त्या दिवसांत मी एक गोष्ट कडक केली, घरातला टीव्ही बंद. सासूबाईंना राग आला, पण चॅनेलवर सायरन वाजवत होते, लाल अक्षरं, स्फोटांचे तेच तेच व्हिडिओ, आणि धाकटी प्रत्येक हेल्मेटवाल्याला पप्पा म्हणत होती. मी दिवसातून दोनदा बाहेर जाऊन मोबाईलवर बातमी बघायचे आणि परत यायचे. दुपारी आम्ही तिघी सांडगे घालायचो, पापड लाटायचो, हात कामात असले की पोरी प्रश्न पण शांतपणे विचारतात. "पप्पांना भीती वाटते का?" असं मोठीने लाटता लाटता विचारलं. मी म्हटलं वाटत असेल, पण त्यांच्या शेजारी त्यांचे दोस्त आहेत. तिला ते पुरलं.

झोपाळा दिराने बांधतो म्हटलं तर पोरींनी बांधू दिला नाही. राहिलेली सुट्टी यांना पावसाळ्यात मिळाली, शाळा सुरू झालेली होती, तरी मी बाईंना भेटून पोरींना काही दिवस घरी ठेवलं. शाळेने समजून घेतलं.

जुनी फौजी पोर

शिरोळच्या ताई, तुमचं वाचून मला १९९९ आठवलं. मी तेव्हा तिसरीत. कारगिल. आमच्या गल्लीत टीव्ही एका घरी आणि फोन कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर. बाबांचा फोन आला की बूथवाले काका पोराला पळवायचे, आई ओल्या हाताने धावायची, आम्ही बहिणी मागे, आणि पोचेपर्यंत बऱ्याचदा लाईन कट. पत्रावर ५६ एपीओ, म्हणजे लष्करी पोस्टाचा नंबर, एवढाच पत्ता, गाव नाही जिल्हा नाही, त्यामुळे मला बरेच दिवस वाटायचं एपीओ हेच गावाचं नाव. पत्र यायचं तेव्हा त्यातली तारीख खूप मागची असायची, आई ते वाचून लगेच हिशोब करायची की हे लिहिल्यानंतर काय काय झालं असेल.

आईने मला आणि बहिणीला तेव्हा काहीच सांगितलं नाही. आम्हाला जपण्यासाठीच ते, तिला दुसरं सुचणार तरी काय. पण दाराआडून ऐकलेलं अर्धं वाक्य मुलांना जास्त घाबरवतं हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते. म्हणून शिरोळच्या ताईंनी पापड लाटता लाटता जे उत्तर दिलं तसं उत्तर मला त्या वयात हवं होतं. बाबा सुखरूप परत आले, त्यानंतर खूप वर्षं नोकरी केली. आता ते माझ्या मुलीला उन्हाळ्यात पोहायला शिकवतात.

पोरींचा बाबा

आमच्या घरी फौजी म्हणजे माझी बायको. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये ऑफिसर आहे, सध्या दूर पोस्टिंग. मी बँकेत, दोन मुली माझ्याजवळ आणि माझी आई मदतीला. लोक मुलींनाच विचारतात, "आई नाही का घरी?" मी मुलींना उत्तर शिकवून ठेवलंय, "आई आर्मी हॉस्पिटलमध्ये जवानांना बरं करते." ठणकावून सांगतात.

उन्हाळ्यात आम्ही उलट करतो, शक्य असेल तेव्हा मुलींना घेऊन मीच तिच्या स्टेशनला जातो. तिची ड्युटी असते, पूर्ण सुट्टी नसते, पण नाईट करून आलेल्या आईच्या शेजारी दुपारभर लोळायला मिळतं. लहान मुलं असणाऱ्या महिलांसाठी बालसंगोपन रजा आहे आणि २०२३ मध्ये महिला जवान, नौसैनिक, हवाई योद्ध्यांनाही ती अधिकाऱ्यांसारखीच मंजूर झाली, हे ज्यांना लागू आहे त्यांनी जरूर विचारून घ्या. कृष्णाकाठच्या ताईंनी साध्या दिवसांचं लिहिलं ते आईच्या बाबतीतही तेवढंच खरं आहे, मुलींना सहल नको असते, नखं कापून द्यायला आई हवी असते.

कृष्णाकाठची

सगळ्यांचं वाचतेय, दोनदा वाचलं. अपशिंग्याच्या ताई, एक मुलगी बरोबर न्यायची ही गोष्ट आम्ही या वर्षी करणारच, यांना फोनवर सांगितलं, लगेच हो म्हणाले. सुभेदार काका, कुलमुखत्यारपत्राचं काम आता मी स्वतःच बघते.

तिन्ही मुलींची आई

माझं उशिरा लिहितेय. आमच्या बदल्या फार झाल्या, तिन्ही मुलींच्या शाळा बदलत राहिल्या, उन्हाळा म्हणजे आमच्याकडे टीसी, पॅकिंग आणि नवीन पुस्तकं. एक करते, नवीन ठिकाणी पोचल्यावर आधी पोरींची गादी आणि त्यांची खेळणी उघडते, भांडी नंतर.

३० मे २०२५ ला खडकवासल्याची एनडीएची परेड आम्ही घरी बसून बघितली, १७ मुली पहिल्यांदा पास आऊट झाल्या. मधली, दहा वर्षांची, उठून उभी राहिली आणि परेड संपेपर्यंत बसलीच नाही. तेव्हापासून सैनिक स्कूलचं चाललंय तिचं, मुलींना आता प्रवेश आहे. हे सुट्टीत आले की दोघं पहाटे पळायला जातात आणि नंतर ओट्याजवळ बसून गणितं सोडवतात, मी मध्ये पडत नाही, तो त्यांचा वेळ आहे. सहावीच्या प्रवेशपरीक्षेत ३०० पैकी १५० मार्क एकट्या गणिताला आहेत आणि तिचं तेच जरा कच्चं आहे. कुणाच्या मुलीने ही परीक्षा मराठीतून दिली असेल तर सरावाला कोणती पुस्तकं वापरली ते प्लीज सांगा, हे जूनमध्ये परत जायच्या आत त्यांच्याबरोबर बसून सुरुवात करून द्यायची आहे.