मदत हवी आहे: दिवेआगर ते मोले, किनाऱ्याने नऊ दिवस (सेडान गाडी, सोबत आई)

निवांत_पुणेकर

त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत जायचं ठरतंय. आम्ही दोघं, १२ वर्षांचा मुलगा आणि आई (वय ६९, गुडघे दुखतात). गाडी पेट्रोल सेडान, मॅन्युअल. नऊ दिवस आहेत. यादीत मुरूड-जंजिरा, दिवेआगर, दापोली, गणपतीपुळे, विजयदुर्ग, मालवण, आंबोलीचा धबधबा, चांदोली राष्ट्रीय उद्यान, दूधसागर आणि मोले एवढं आहे.

१. यातलं काय गाळावं?
२. सेडान फेरीबोटीवर चढते का? खालून घासते असं ऐकलंय.
३. दूधसागरला आईला नेता येईल का?
४. मुलाला गाडी वाळूत न्यायची फार हौस आहे. कुठे चालतं?

तिसरा_गिअर

आधी गाळायचं सांगतो. चांदोली आणि आंबोली काढा. चांदोलीला किनाऱ्यावरून सरळ रस्ता नाही. आंबा घाट चढून मलकापूरला जायचं, तिथून वारणेच्या खोऱ्यात उतरायचं आणि पुन्हा घाट उतरून खाली यायचं, यात दोन दिवस सहज जातात. ते कोल्हापूर किंवा सांगलीच्या बाजूने स्वतंत्र करावं. आंबोलीचा जोर जुलै-ऑगस्टमधला. नोव्हेंबरात तिथे हवा छान असते, पण धबधब्यासाठी घाट चढून जाण्याइतकं पाणी नसतं.

मुरूड-जंजिराही या वेळी नको. ताम्हिणीने उतरलात की तुम्ही माणगावला येता आणि दिवेआगर समोर असतं. जंजिऱ्यासाठी दिघीहून खाडी ओलांडून उत्तरेला जायचं, होडीची वाट बघायची आणि परत यायचं म्हणजे अख्खा दिवस. शिवाय किल्ल्याच्या दाराशी हलत्या होडीतून पायरीवर पाय टाकावा लागतो, तो दुखऱ्या गुडघ्यांना जड जाईल.

उरलेलं असं बसतं:

दिवस १: पुणे–ताम्हिणी–माणगाव–म्हसळा–दिवेआगर.
दिवस २: शेखाडीचा समुद्रालगतचा रस्ता, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला–वेसवी फेरी, मंडणगडमार्गे दापोली. मुक्काम कर्दे किंवा मुरूड (हे दापोलीजवळचं मुरूड).
दिवस ३: दाभोळ–धोपावे फेरी, गुहागर, हेदवी, तवसाळ–जयगड फेरी, गणपतीपुळे.
दिवस ४: आरे-वारेचा रस्ता, रत्नागिरी, पावस, जैतापूर, विजयदुर्ग.
दिवस ५: देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण.
दिवस ६: मालवणातच. सिंधुदुर्ग किल्ला सकाळी करा.
दिवस ७: वेंगुर्ला, शिरोडा, गोव्यात शिरून फोंडामार्गे मोले.
दिवस ८: दूधसागर.
दिवस ९: अनमोड घाट, बेळगाव, कोल्हापूर, पुणे. साधारण ४३० किलोमीटर. सहाला निघालात तर अंधाराआधी घरी.

या किनारी रस्त्यावर किलोमीटर मोजून वेळ काढू नका. तासाला २५ ते ३० किलोमीटर धरा. दर वळणाला गाव, दर गावात अरुंद रस्ता आणि समोरून एसटी. एसटी आली की जिथे रस्ता रुंद आहे तिथवर मागे घ्यायची तयारी ठेवा, ती घेत नाही आणि घेऊही शकत नाही. डावं चाक डांबराखाली उतरवण्याआधी कड बघा. पावसाळ्यानंतर कडेची जांभ्याची माती वाहून गेलेली असते आणि डांबराची कड वीतभर उंच राहते. सेडान तिथे पोटावर बसते.

वेसवीवरून वेळास–केळशी करत जाणारा रस्ता नकाशात जवळचा दिसतो. तो अरुंद आणि खड्या चढाचा आहे, म्हणून मंडणगड लिहिलंय. वेळासची कासवंही फेब्रुवारी-मार्चमधली, त्यामुळे आत्ता त्या वाटेने जाण्याचं तसं कारण नाही.

पेट्रोल श्रीवर्धनला, दापोलीला, रत्नागिरीला आणि मालवणला भराच. अर्ध्याच्या खाली काटा जाऊ देऊ नका.

खाडीपलीकडे

फेरीबोटीचं सविस्तर सांगते, कारण सगळ्यांचा गोंधळ तिथेच होतो.

सेडान चढते, रोज चढतात. घासते ती ओहोटीला. पाणी खाली गेलं की बोट खाली जाते. धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात कोन पडतो आणि पुढचा बंपर किंवा मधला तळ टेकतो. भरतीला हा कोन जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून फेरीच्या वेळेआधी भरतीची वेळ बघा.

कोकणात त्यासाठी सोपा हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि दक्षिणेला गोव्याकडे भरती थोडी आधी लागते, पण आखणीला हे पुरतं.

तुमच्या तारखांना लावून बघा. दुसरा दिवस वद्य द्वितीया, भरती दीडला. बागमांडल्याला अकरा-साडेअकराला पोचा, पाणी चढत असेल. तिसरा दिवस तृतीया, भरती सव्वादोनला, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास पूर्ण ओहोटी. लवकर निघायच्या उत्साहात दाभोळला साडेआठला पोचलात तर सगळ्यात वाईट उतार मिळेल. तिथे दहानंतर जा. जयगडला दुपारी तीनला पोचाल तेव्हा पाणी भरलेलं असेल. पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे असतात, भरती-ओहोटीतला फरक तेव्हा सर्वांत मोठा, म्हणून याच दोन दिवसांना जपा. सप्तमी-अष्टमीला भांग असते, म्हणजे हा फरक सर्वांत कमी, तेव्हा इतकी काळजी नाही.

चढताना आई आणि मुलगा आधी उतरून चालत बोटीवर. गाडी हलकी झाली की दोन-तीन सेंटीमीटर वर उचलते आणि बहुतेक वेळा तेवढंच कमी पडत असतं. पहिला गिअर, हाफ क्लच, ब्रेकवर पाय, फळीवर थांबायचं नाही. बोटीवरचा माणूस हाताने दाखवतो तसंच वळवा, त्याला कोन माहीत असतो. लागली की इंजिन बंद, हँडब्रेक वर, गाडी गिअरमध्ये. काही बोटींवर उलटी चढवावी लागते. रिव्हर्स कच्चा असेल तर तसं आधीच सांगा, ते शांतपणे घेतात.

दाभोळला फेऱ्या जास्त असतात, बाकी दोन ठिकाणी पाऊण-एक तास थांबावं लागू शकतं. रात्री आठनंतरच्या फेरीवर भिस्त ठेवू नका. दाभोळची फेरी चुकली तर खेड-चिपळूणवरून गुहागर शंभर किलोमीटरच्या वर पडतं. नकाशाच्या ॲपमध्ये 'फेरी टाळा' ही खूण काढून टाका, नाहीतर ते तुम्हाला दरवेळी महामार्गावर नेऊन सोडेल.

निवांत_पुणेकर

तिथीचा हिशोब पंचांगाशी ताडून पाहतोय, फार उपयोगी. म्हणजे सातव्या दिवशी गोव्याच्या सीमेवरच्या तेरेखोल खाडीला सप्तमी, सव्वापाच, आणि ओहोटी अकराच्या आसपास. बरोबर?

खाडीपलीकडे

बरोबर, तिथे थोडी आधीच, दहा-साडेदहा. केरी–तेरेखोल फेरी ओहोटीला वाळूच्या पट्ट्यांमुळे थांबते, उधाणाच्या दिवसांत जास्त. तुम्हाला मात्र त्या फेरीची गरज नाही. शिरोड्याहून आरोंदा-किरणपाणी पुलावरून पेडण्यात उतरता येतं. तेरेखोलचा किल्ला बघायचा असेल तर तो रेडीकडून, खाडीच्या अलीकडेच आहे.

मोलेकडचा

दूधसागर आणि मोलेबद्दल.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. मुंबईच्या दक्षिणेला महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगत एकही राष्ट्रीय उद्यान नाही. फणसाड आहे ते अभयारण्य. तुमच्या वाटेवर खरं राष्ट्रीय उद्यान येतं ते मोले, १०७ चौरस किलोमीटरचं, सभोवतीचं भगवान महावीर अभयारण्य धरून २४० चौरस किलोमीटर. वाघ बघायला म्हणून येऊ नका. ताडोबासारखी सफारी इथे नसते. दिसतात शेकरू, धनेश, माकडं आणि नशिबाने गवा, जो गोव्याचा राज्यप्राणी आहे. मुलाला हे आधी सांगितलंत तर तो झाडाकडे बघेल, नाहीतर दिवसभर वाघच शोधत बसेल.

दूधसागर ३१० मीटरचा, चार टप्प्यांत पडणारा. नोव्हेंबरात पाणी भरपूर असतं आणि गढूळपणा गेलेला असतो, म्हणून तुमची वेळ चांगली आहे. स्वतःची गाडी जंगलात नेता येत नाही. मोलेजवळच्या कुळे गावाहून जीप घ्यायची, वाटेत ओढे पार करत पाऊण ते एक तास. पावसाळ्यात जीप बंद असतात, ऑक्टोबरात पाणी उतरलं की सुरू होतात. दिवसाच्या जीपची संख्या ठरलेली असते, त्यामुळे आधी ऑनलाइन नोंदणी करा आणि सकाळी आठच्या आत कुळेला हजर राहा. शनिवार-रविवार टाळा, नऊ दिवसांची आखणी त्यावरून मागेपुढे करा. लाइफ जॅकेट सक्तीचं आहे. प्लॅस्टिक आत नेऊ देत नाहीत. रेल्वेच्या रुळांवरून चालत जाणं हा गुन्हा आहे, कोणी 'शॉर्टकट' सुचवला तर ऐकू नका.

आईंबद्दल: जीप जिथे सोडते तिथून पुढे मोठ्या, ओल्या धोंड्यांवरून चालावं लागतं. कठडा नाही. जीपचे हादरेही कंबरेला लागतात. दुखऱ्या गुडघ्यांनी हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी दुपारी सगळ्यांनी मिळून तांबडी सुर्लाचं महादेव मंदिर करा. कदंबांच्या काळातलं, बेसाल्टचं, नदीकाठी जंगलात. गाडी जवळपर्यंत जाते आणि चालणं थोडकं, सपाट. सकाळी तुम्ही दोघांपैकी एकाने मुलाला दूधसागरला न्यावं, दुसऱ्याने आईंसोबत मोलेत थांबावं.

कुळे-मोलेत मोबाइलला रेंज बेभरवशाची. रोख रक्कम आणि पेट्रोल फोंड्याला घ्या. अनमोड घाटात पहाटे आणि तिन्हीसांजेला गवे रस्त्यावर येतात. दिसला तर थांबा, दिवे अप्परवर टाकू नका, हॉर्न वाजवू नका, तो गेला की मागे दुसरा नाही ना ते बघून निघा. घाटात दरडीमुळे कधी काम चालू असतं, आदल्या संध्याकाळी मोलेच्या नाक्यावर विचारून घ्या.

तिसरा_गिअर

वाळूचा प्रश्न राहिला. कुठेच नेऊ नका. किनाऱ्यावर वाहन नेण्याला बंदी आहे, आणि सेडान तर हमखास रुतते. वरची कोरडी वाळू भुसभुशीत, पाण्याजवळची ओली वाळू घट्ट वाटते, पण थांबलेल्या चाकाखालून प्रत्येक लाट वाळू ओढून नेते. दुर्दैवाने रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबू नका, चाक फिरलं की अजून खाली जातं. सगळे उतरा. पुढच्या चाकांतली हवा १५ ते १८ पीएसआयवर आणा, चाकापुढची वाळू हातभर लांब उकरा, तिथे गोणपाट किंवा नारळाच्या झावळ्या घाला, स्टिअरिंग सरळ ठेवून हळू बाहेर काढा. बाहेर आलं की लगेच हवा भरा, कमी हवेवर डांबरावर पळवलं तर टायर रिमवरून निघतो. यासाठी १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर डिकीत असू द्या, पंक्चरलाही तोच उपयोगी.

मुलाची हौस तारकर्लीला पाण्यातल्या खेळांवर भागवा. पोहायला मात्र काशिद असो की गणपतीपुळे, स्थानिक माणूस 'इथे नको' म्हणाला तर नकोच. गणपतीपुळ्याला देवळासमोर पाणी एकदम खोल होतं.

देवगडचा_आंबेवाला

पाचव्या दिवशी बदल सुचवतो. मुलाला पाण्यात उतरता येईल असा धबधबा हवा असेल तर विजयदुर्गहून तळेऱ्याला या, तिथून वैभववाडी रस्त्याने नापणे. बारमाही आहे, नोव्हेंबरातही पाणी असतं. तिथून कणकवलीमार्गे मालवण. कुणकेश्वर सुटेल. आईंना मंदिर हवं असेल तर मूळचाच मार्ग ठेवा, दोन्ही एका दिवसात कोंबू नका.

निवांत_पुणेकर

कुणकेश्वर ठेवतो. नापणे पुढच्या वेळी. परत आल्यावर गाडीचं काय करावं? फेरीवर खाऱ्या पाण्याचे तुषार उडतात ना?

तिसरा_गिअर

पुण्यात पोचल्यावर दोन-तीन दिवसांत सर्व्हिसिंगच्या लिफ्टवर चढवून तळ गोड्या पाण्याने धुवून घ्या. चाकांच्या कमानींच्या आतल्या कडा, सायलेन्सरचे हँगर आणि ब्रेकच्या मागची बाजू सांगून धुवायला लावा, वरवर पाणी मारलं तर मीठ तिथेच राहतं. धुतल्यावर पाच-सहा किलोमीटर चालवून ब्रेक हलके लावत डिस्क वाळवा आणि मगच पार्क करा. लगेच उभी केली तर डिस्कवर गंज धरतो आणि सकाळी पॅड चिकटलेले सापडतात.